बुरुजामागच्या बशा

३ मार्च
आज सभेत खोटं बोललो. एकच शब्द, पण खोटं ते खोटंच!

किल्ल्यामागे पार्किंग करायचं ठरतंय. नव्वदीच्या मिस लुएला काठी टेकत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, किल्ल्याचा हा मातीचा तट रचताना मेलेले गुलाम तिथेच पुरलेत. आपल्या काळ्या लोकांच्या रीतीप्रमाणे त्यांच्या थडग्यांवर फुटक्या बशा नि शिंपले ठेवलेले होते. किल्ल्याचे साहेब माझ्याकडे वळले — डेल्मस, तू एकतीस वर्षं इथला राखणदार. तुला कधी दिसलं काही?

“नाही.”

मिस लुएला खाली बसल्या. मागे कुणीतरी हसलं.

५ मार्च
आपला किल्ला दगडाचा नाही — वाळू आणि खाडीचा चिखल. अमेरिकेच्या यादवी युद्धात भातखाचरांतून धरून आणलेल्या माणसांनी तो टोपल्यांनी वाहिला. आरमाराचे गोळे त्यात नुसते रुतायचे. भगदाडं पडली की हीच माणसं बुजवायची. फलकावर इंजिनिअरचं नाव, तोफांची वजनं. यांच्यासाठी एकच शब्द, ‘मजूर’. तो फलक दरवर्षी मीच रंगवत आलोय.

६ मार्च
जेवण गेलं नाही.

८ मार्च
लिहूनच टाकतो. १९७४. नोकरीचा दुसरा महिना, वरून पाहणी येणार होती. गवत काढताना बशा दिसल्या. त्या काय आहेत ते मला पक्कं ठाऊक होतं — माझ्या आजीच्या थडग्यावरही आहेत! पण गोरे साहेब आपल्याला अडाणी म्हणतील, याची लाज वाटली. तीन पोती भरली, खाडीत ओतली. जमीन सपाट करून वर हिरवळ लावली. शाबासकी मिळाली.

११ मार्च
काल ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं. आज साहेब म्हणाले, जागा दाखव.

दाखवता येईना! बशा हीच तर खूण होती. मिस लुएलांनाही सांगता येईना. मी बोट दाखवलं तिथे दोन खड्डे घेतले, निव्वळ वाळू निघाली. सोमवारी पार्किंगचं काम सुरू.

१२ मार्च
मिस लुएलांकडे माफी मागायला गेलो. त्यांनी आधी कोळंबीभात वाढला. मग म्हणाल्या, मी बशा टाकल्या त्या दिवशी त्याही खाडीत खेकडे धरत होत्या. पोती ओतताना त्यांनी मला पाहिलं होतं. तेव्हा बोलल्या नाहीत, कारण किल्ल्यावर नोकरी मिळालेला आपल्यातला मी पहिलाच होतो.

“मग त्या सभेत तरी माझं नाव घ्यायचं होतं,” मी म्हणालो.

“वाटलं, तूच सांगशील.”