माझा डावा गाल आहे तसा राहू देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
कला परीक्षा विभाग,
मुख्य इमारत, तिसरा मजला (लिफ्ट बंद).

विषय: माझ्या चेहऱ्याची उरलेली डावी बाजू घट्ट करून घेण्याचा आदेश रद्द होणेबाबत, व तत्पूर्वी सदर चेहरा कोणीतरी एकदा पाहणेबाबत.

संदर्भ: आपल्या फेरतपासणी समितीचे, प्राचार्यांमार्फत मला मिळालेले पत्र.

महोदय,

उपरोक्त विषयी मी खाली सही करणारी अर्जदार आपणास सविनय कळविते की,

१. मी आपल्या अखत्यारीतील चित्रकला विद्यालयात मुखचित्रण या विषयासाठी मॉडेल म्हणून नोकरीस आहे. विद्यार्थ्यांना माझे चित्र काढता यावे म्हणून लाकडी चौथऱ्यावरच्या खुर्चीत न हलता बसणे, हे माझे काम. खात्यात बसून राहण्याचे काम इतरही अनेकजण करतात, पण न हलण्याची लेखी अट फक्त मला आहे. माझी नेमणूक सुरकुत्यांवर झाली. त्या वेळच्या प्राचार्यांनी मला खिडकीपाशी उभे केले, उजेडात डावीकडून-उजवीकडून पाहिले आणि "या चेहऱ्यात भरपूर काम आहे" असा शेरा मारला. माझ्या आधी आलेल्या दोन गोऱ्यागोमट्या बायकांना त्यांनी दारातूनच परत पाठवले होते. चित्रातले मला स्वतःला ओ की ठो कळत नाही. ते कळावे अशी अट नेमणूकपत्रात नाही.

२. आता सदर चेहऱ्यास काय झाले ते निवेदन करते. आमच्या रस्त्याच्या टोकाला, चपलांच्या दुकानावर, त्वचेचा एक नवा दवाखाना निघाला. ना सुरी, ना टाके, ना रजा. जेवणाच्या सुट्टीत यावे आणि दहा वर्षांनी लहान होऊन कामावर परतावे, अशी त्यांची पाटी. उद्‌घाटनाच्या दिवशी प्रात्यक्षिकासाठी त्यांना एक चेहरा हवा होता. माझी नणंद अशा ठिकाणी सर्वांच्या आधी पोचलेली असते. "वहिनी, तुझ्याकडे दाखवण्यासारखं पुष्कळ आहे," असे ती चारचौघांत म्हणाली, आणि मी मूर्खासारखी हसले. ते हसणे म्हणजेच होकार धरला गेला.

मला कलत्या खुर्चीत आडवे केले. केसांना पट्टा बांधला. शिंपी कापडावर खडूने आखतो तशा उजव्या गालावर, जबड्यावर आणि भुवईच्या वर पट्टी धरून पांढऱ्या पेन्सिलीने रेघा आखल्या. वर गारेगार जेल थापले आणि कातडी घट्ट करणाऱ्या यंत्राचे बोथट तोंड त्या रेघांवरून फिरवले. हलकी ऊब जाणवेल, असे डॉक्टरबाईंनी सांगितले होते. गालाच्या मऊ भागावर ती खरोखरच हलकी होती. जबड्याच्या हाडावर आली तेव्हा थेट दाढांत शिरली. माझ्या डोळ्यांतून पाणी आले. ते त्यांनी बोळ्याने टिपले आणि जमलेल्या मंडळींना सांगितले की कातडी आतून जागी होत असल्याची ही खूण आहे. इतकी वर्षे माझी कातडी झोपलेली होती हे मला तेव्हा प्रथमच समजले.

या लोकांची एक रीत आहे. आधी चेहऱ्याची एकच बाजू करायची, हातात आरसा द्यायचा, दोन बाजूंतला फरक पाहुण्यांना दाखवायचा, टाळ्या घ्यायच्या आणि मग दुसरी बाजू करायची. माझ्या बाबतीत टाळ्यांपर्यंत सर्व रीतीप्रमाणे झाले. मात्र यंत्राच्या तोंडाशी जी डबी बसवतात तिच्यात मोजकेच झटके भरलेले असतात, आणि ते बाईंनी पाहुण्यांच्या मनगटांवर गंमत म्हणून उधळून टाकले होते. डावी बाजू सुरू करायला गेल्या तेव्हा डबी रिकामी. नवी मागवली आहे, आठवड्याभरात या, असे सांगून मला घरी पाठवले. मी गेले नाही, कारण दाढा अजून ठणकत होत्या. घरी यजमानांनी पेपरातून मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले आणि केस कापलेस का असे विचारले.

३. या उपचाराचा खरा गुण लगेच दिसत नाही, तो पुढचे दोन-तीन महिने हळूहळू चढत जातो, ही गोष्ट मला कोणीही सांगितली नव्हती. नेमक्या त्याच महिन्यांत शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचे मुखचित्र चालू होते. आठवड्यातून एकदा मी बसायचे आणि मुलांनी एकच मोठे चित्र पुढे न्यायचे, अशी त्या परीक्षेची पद्धत आहे. मुले हात ताठ करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर माझ्या चेहऱ्याची मापे घेतात. दर आठवड्याला माझा उजवा जबडा त्यांनी गेल्या खेपेस ठेवला होता तिथे नसे. ओठाचा उजवा कोपरा वर गेलेला असे. वर्गातले सर एकेकाच्या मागे उभे राहून करवादत. माणसाचा गाल आठवड्यात वर चढतो का, असे ते विचारत आणि मुले माना खाली घालत. मीही गप्प राहिले. भर वर्गात आपल्या कातडीची कहाणी सांगायची मला लाज वाटली, आणि मॉडेलने बोलू नये असा नियमही सोयीचा पडला.

बहुतेक मुले व्यवहारचतुर निघाली. त्यांनी माझ्याकडे बघणेच सोडून दिले. डावी बाजू काढली, तीच उलटी करून उजवीकडे बसवली आणि मोकळी झाली. वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे कोपऱ्यातली म्हणतात, कारण चांगल्या जागा अडवायला ती कधी धावत नाही. ती तेवढी दर आठवड्याला माझा उजवा गाल पुसायची आणि वर काढायची. पुसून पुसून तिथला कागद लोकरीसारखा झाला होता. शेवटच्या दिवशी मी चौथऱ्यावरून उतरताना तिचे चित्र पाहिले. एक बाजू इस्त्री केलेली, एक बाजू वाळत घातलेली. मला ते मुळीच आवडले नाही. पण ती मीच होते, आणि घरी जाऊन आरशात पाहिल्यावर नाही म्हणायची सोयही उरली नाही.

४. आपल्या विभागाचा एक नियम आहे की मुखचित्र तपासणाऱ्या परीक्षकाने मॉडेलला पाहायचे नाही. त्याच्या मनावर परिणाम होऊ नये, असे त्यामागचे कारण सांगतात. चेहऱ्यावरून काढलेले चित्र चेहरा न बघता तपासायचे, ही कल्पना ज्याला सुचली त्याची मला खरोखर कमाल वाटते. असो. बाहेरगावच्या परीक्षकमहाशयांनी बंद खोलीत बसून, नाकाने कांदे सोलत, कोपऱ्यातलीच्या चित्रावर शेरा लिहिला: "निरीक्षण सदोष. चेहऱ्याच्या दोन बाजूंत मेळ नाही. विद्यार्थिनीला पाहता येत नाही." या विषयात नापास झाले की शेवटच्या वर्षातून नाव कमी होते आणि पुन्हा बसता येत नाही. तसे तिचे नाव कमी झाले. ज्यांनी बघणे सोडले होते ते सर्व उत्तम गुणांनी पास झाले, त्यांचे पेढे सरांनी खाल्ले, आणि वर्गात सर्व पाहिलेले सर मूग गिळून बसले.

तेव्हा मात्र मला राहवले नाही. मी प्राचार्यांपुढे जाऊन उभी राहिले आणि सांगितले की पोरीचे चित्र बरोबर आहे, चेहराच वाकडा झाला आहे, हा बघा. प्राचार्यांनी समोरच्या कागदावरून नजर न उचलता माझे म्हणणे लिहून घेतले आणि आपल्या समितीकडे पाठवले.

५. समितीचे उत्तर आले ते जसेच्या तसे उद्धृत करते: "चित्रात दोष नसून मॉडेलमध्ये दोष असल्यास तो प्रथम दूर करून घ्यावा. डावी बाजू उजवीप्रमाणे करून घेतल्याचा दाखला सादर झाल्यावर फेरतपासणीचा विचार करता येईल. अन्यथा मॉडेलची नेमणूक पुढे चालू ठेवता येणार नाही."

महोदय, हे पत्र मी उभ्याने वाचले, मग बसून वाचले. आधी पुरावा पुसून आणा, मग आम्ही पुरावा बघू, याखेरीज त्याचा अर्थ मला लागत नाही. डावा गाल उजव्यासारखा झाला की आपले विद्वान सदस्य कधी नव्हे ते माझ्याकडे बघतील. दोन सारखे गाल बघतील, पोरीचे चित्र शेजारी धरतील आणि परीक्षकच बरोबर होते म्हणून सह्या ठोकतील. एका माणसाचा शेरा मागे घ्यायचा नाही, म्हणून दुसरीचा गाल वर ओढायचा. इतकी डोळ्यांत तेल घालून केलेली झाकपाक मी तरी पाहिलेली नाही.

६. असे असूनही मी दवाखान्यात गेले, हे लपवत नाही. या वयात दुसरी नोकरी कोण देणार, आणि नणंद तर वेळ ठरवूनच आली होती. पुन्हा तीच कलती खुर्ची, तोच पट्टा. या खेपेस डाव्या बाजूला जेलही आधीच फासले गेले होते. मग डॉक्टरबाईंनी रेघा आखणाऱ्या मुलीला आत बोलावले. शाळेतून नाव कमी झाल्यावर, हात स्थिर आहे या गुणावर, त्यांनी तिला ठेवून घेतले होते. पांढरी पेन्सिल घेऊन जी आत आली ती कोपऱ्यातली होती.

तिने मला ओळखले. जेल पुसून घेतले, पट्टी उचलली आणि खाली ठेवली. मग सवयीने हात ताठ केला, एक डोळा मिटला आणि पेन्सिलीवर माझा चेहरा मापला. तो वर्गात मापायची तसाच मापला. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, ही बाजू राहू द्या. ही गेली तर मी कायमची खोटी ठरेन."

एवढे बोलून तिने पुन्हा पट्टी घेतली, कारण बाई दारात उभ्या होत्या आणि तिलाही काम टिकवायचे होते. तिच्या त्या स्थिर म्हणून नावाजलेल्या हाताची पहिलीच रेघ वाकडी गेली. मला माझीच इतकी शरम वाटली की मी पट्ट्यासकट उठले. अर्धवट सोडलेला चेहरा गावभर फिरवणे म्हणजे दवाखान्याची बदनामी आहे, असे बाई मागून ओरडल्या. नणंदेने माझ्याशी अबोला धरला आहे, तो एक फायदाच झाला.

७. आपल्या कार्यालयात चौकशी करता असे समजले की या प्रकारची नस्ती निकाली निघायला सव्वा वर्ष तर लागतेच. दवाखान्यात विचारता असे समजले की उपचाराचा गुण वर्ष-दीड वर्षात उतरतो आणि गाल जागेवर येतो. म्हणजे आपला निर्णय आणि माझा उजवा गाल बहुधा एकाच सुमारास खाली येतील. त्यानंतर माझे दोन्ही गाल पुन्हा एकसारखे लोंबतील आणि ती मुलगी खरे बोलत होती हे दाखवायला जगात काही उरणार नाही. हा पुरावा नाशवंत आहे. तो कपाटात ठेवता येत नाही, त्यावर शिक्का मारता येत नाही, आणि त्याची रोज थोडी थोडी झीज चालू आहे.

सबब विनंती की, डावी बाजू करून घेण्याचा आदेश रद्द करावा, आणि कोपऱ्यातलीचे चित्र माझ्या चेहऱ्याशेजारी धरून, उजेडात, परीक्षकमहाशयांच्या समक्ष पुन्हा तपासावे. माझ्या नोकरीचे आपण योग्य ते करावे. त्याबद्दल मी वेगळा अर्ज करणार नाही. परीक्षकमहाशयांना माझ्याकडे पाहणे नियमाने अशक्य असेल, तर आपण पाहावे. आपल्या विभागाच्या पाटीवर कला हा शब्द रंगवलेला मी जिना चढताना पाहिला, म्हणून ही विनंती करण्याचे धाडस केले.

आपली, तूर्त अर्धीच नम्र,

(सही)
मॉडेल, मुखचित्रण वर्ग

दिनांक: आजचा. (आवक-शिक्क्यावर आपले कारकून घालतील तो नव्हे.)

सोबत:
१. समितीच्या पत्राची प्रत.
२. डाव्या बाजूसाठी दवाखान्याने दिलेली वेळेची चिठ्ठी, न वापरलेली.
३. चेहरा. हा अर्जास जोडता येत नसल्याने तो घेऊन मी आपल्या दालनाबाहेरच्या बाकावर बसले आहे. न हलता बसण्याची मला सवय आहे. समोर ती मुलगी मांडीवर फळी घेऊन माझे चित्र पहिल्यापासून पुन्हा काढत आहे. आपण दार उघडाल तेव्हा एकदा माझ्याकडे पाहावे आणि एकदा तिच्या कागदाकडे. त्यासाठी कोणाची मंजुरी लागत नाही.