साखरतुला

७ एप्रिल १९८७, चौसाळा
साखर कारखान्याचे चेअरमन माणिकराव जीप घेऊन दारात! माझी साखरतुला करणार म्हणे. दुष्काळानं ऊस वाळला, कारखाना अर्ध्या हंगामात बंद पडला — पण सत्काराला साखर आहे! बायको, सत्यभामा, आतून म्हणाली, "अगुदर घागरभर पानी द्या म्हनावं." चेअरमनना तेवढंच ऐकू आलं नाही. माझा डावा पाय फौजेत गुडघ्यापासून गेलाय. कारखान्याचा तेवढाच फायदा!

८ एप्रिल
चेअरमनना खरं काय ते सांगून आलो. बर्फातल्या चौकीवर गोळा पडला, माझा पाय फुटला. शौर्य गाजवलं ते उताणं पडून! आणलं चेरियनसाहेबांनी. भोवती गोळे पडत असताना हेलिकॉप्टर उतरवलं. तेवढ्या उंचीवर ते दोनच जखमी उचलतं, आम्ही तिघे. साहेबांनी दारं काढून टाकली, सामान फेकलं. तरी भागेना. तेव्हा त्यांचा जोडीदार पायलट बक्षी आपणहून उतरला, बर्फात बसला. त्याच्या जागी मला कोंबलं. "मैं आता हूँ," साहेब त्याला म्हणाले.
पुढचं मला माहीत नाही. शुद्ध आली ती इस्पितळात. साहेब बक्षीला आणायला गेले का? ज्याला त्याला विचारलं. सगळ्यांचं एकच — "आराम करो." आराम!
चेअरमन म्हणाले, "एवढं लांबण कशाला लावतो रं? लोकाला सोपं पायजे."

११ एप्रिल
झोप नाही. बक्षी.

१२ एप्रिल
झाली एकदाची तुला! एका पारड्यात मी, दुसऱ्यात पोती. चेअरमननी खरंच सोपं केलं — सुग्रीवनं, म्हणजे मी, हेलिकॉप्टर चालवून जखमी आणले! मी माईक ओढला. "मी पडून होतो!" लोक हसले. चेअरमन म्हणाले, "बगा, किती नम्र मानूस हाय!" टाळ्या.
तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "टँकर आला!" मांडव रिकामा. मी पारड्यात लटकलेला, चेअरमन माईकवर. भाषण मात्र पूर्ण केलं हं! साखर परत गोदामात गेली. फोटोपुरतीच होती.

१४ एप्रिल
जयंतीच्या मिरवणुकीत कुबड्यांवर चाललो. कुणी भाषण ठोकलं नाही. बरं वाटलं.

१९ एप्रिल
बक्षी आला! एस.टी.नं, विचारत विचारत थेट घरी. उजव्या हाताची बोटं बर्फानं खाल्लीत, पण जिवंत! साहेब परत गेले होते. बक्षीला खाली सोडलं आणि तसेच पुन्हा निघाले — शेजारच्या चौकीवर आणखी जखमी होते. त्या फेरीहून साहेब आले नाहीत.
मायला हिंदी येत नाही. तिनं बक्षीचं तोंड दोन्ही हातांत धरलं, कानशिलावर बोटं मोडली. "तूच आनलास व्हय रं माझा सुग्रीव?"
बक्षीला काही कळलं नाही. म्हणाला, "हाँ, माँजी."
मी मायला काही सांगितलं नाही.