बिनफवारणीचा वाफा

१० नोव्हेंबर
बेलापूरजवळच्या या वस्तीवर काल सामान टाकलं आणि दयाने आल्या आल्या सगळ्या कोंबड्यांची बारशी उरकली. माझा नवरा याकोब गेल्यापासून आम्ही मायलेकी दोघीच; पोर इतकी हसलेली बरेच दिवसांत पाहिली नव्हती. खोली रंगुबाईंच्या घरात, घेवड्याचं शेतही त्यांचंच. तांबेरा रोगाने घेवड्याचं किती नुकसान होतं त्याचा अंदाज काढायचा, ही माझी नवी नोकरी. दोन वाफे घ्यायचे. एकावर औषध फवारायचं, दुसरा रोगाच्या हवाली सोडायचा आणि शेवटी दोन्हींच्या शेंगा तोलायच्या. एकाला आजारी पाडल्याशिवाय नुकसान कळत नाही, असलं आमचं शहाणपण.

११ नोव्हेंबर
कोणता वाफा सोडायचा ते चिठ्ठी टाकून ठरवतात, म्हणजे आपली मर्जी मध्ये येत नाही. चिठ्ठी दयाने उचलली. बांधाकडचा वाफा निघाला. रंगुबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, "बाई, त्यो सोडू नका. तितं माजी लेक पुरलीया."
लहान लेकरांना इथे जाळत नाहीत, शेतात पुरतात. वेळेवर औषध मिळालं नाही म्हणून त्यांची लेक चार वर्षांची असताना गेली. मला भरून आलं. पण चिठ्ठी बदलली की अंदाज खोटा होतो, असं मी त्यांना समजावलं. त्या उठून गेल्या.

२९ नोव्हेंबर
बांधाकडे तांबेरा छान चढलाय. पानाला बोट लावलं की विटकरी भुकटी निघते. दया दिवसभर त्याच वाफ्यात बसून कुणाशी तरी बोलते. मैत्रीण आहे म्हणाली. पोरांचे खेळ.

४ डिसेंबर
दयाच्या गालावर तांबूस ठिपके. पुसून निघत नाहीत. डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून औषध दिलं, पण ती तोंड घट्ट मिटून घेते. फार विनवलं तेव्हा म्हणाली, "मम्मी, तिला का नाही देत? ती विचारते, मलाच का सोडलं."
रंगुबाई उंबऱ्यात बसून रडल्या. मीही रडले.

७ डिसेंबर
ठिपके मानेवर, हातांवर. ताप. उशीवर विटकरी भुकटी. मोठ्या दवाखान्यातही कुणाला काही कळलं नाही. रंगुबाई म्हणतात, वाफा फवारा. पण आता फवारलं तर हंगामाचं सगळं काम वाया — हे काय लिहितेय मी. माझी लेक खाटेवर —

८ डिसेंबर
फवारलं. पाठीवर पंप घेऊन, रडत. चुकलं माझं, बाळा. घे, तुलाही औषध. आता माझीला सोड —

९ डिसेंबर
वाफा हिरवागार. एकाही पानावर ठिपका नाही. असं होत नाही, गेलेलं पान परत येत — रंगुबाई वेलांवरून हात फिरवतायत, लेकीला नावाने हाका मारतायत, हसतायत —
दया ओ देत नाही. पांघरुणावर भुकटी — किती ही — मी तिचा गाल पुसतेय, पुसतेय, आणि हाताखाली गालच भुकटी होऊन —