परतीची खूण

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा! खोली माझ्या एकट्याची. लाकडी भिंती, पत्र्याचं छप्पर, एक खाट, एक टेबल, चार खिळे. खिडकी उघडली की झाडंच झाडं आणि त्यांच्यामागे समुद्र. दिसत नाही, नुसता ऐकू येतो. आधीच्या माणसाचे बूट खाटेखाली राहिलेत. मला अर्धा नंबर मोठे, पण दोन मोजे घातले की बसतात.

काम झकास आहे. या राखीव जंगलात भटकणाऱ्यांसाठी तीन पायवाटा आहेत: लाल, निळी, पिवळी. झाडांवरच्या रंगाच्या खुणा पुसट झाल्या की पुन्हा रंगवायच्या. रेंजरबाईंनी ब्रश, खरवडणी आणि किल्ल्यांचा जुडगा हातात दिला आणि म्हणाल्या, झाडांवर चिडून उपयोग नसतो, ती उलट उत्तर देत नाहीत. म्हणजे दादाने फोनवर माझं सगळं पुराण सांगितलेलं दिसतंय. सरांच्या टेबलावर पेपर फाडून टाकला आणि कॉलेज सोडलं, हे तो हल्ली सगळ्यांना सांगतो. सांगू दे.

मंगळवार, ४ तारीख

आज रंगारीकाकांबरोबर निळी वाट. काका तीस वर्षं हेच करतायत. त्यांच्या नखांत तिन्ही रंग कायमचे बसलेत. बोलणं कमी, टोमणे जास्त. माझी पहिली खूण बघून म्हणाले, झाडाला गोवर आलाय का रे?

नियम दोनच. एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे. आणि प्रत्येक झाडाला दोन खुणा: जाणाऱ्याला दिसेल ती, आणि पाठीमागे, येणाऱ्याला दिसेल ती. आधी परतीची लावायची, मगच जाण्याची. मी म्हटलं, काय फरक पडतो? ते म्हणाले, जाताना पाहिलेलं जंगल येताना ओळख दाखवत नाही. मग डबा बंद करता करता पुटपुटले, वाट अर्धी टाकू नये, बाबा.

बुधवार, ५ तारीख

तिचा निरोप आला!! कचेरीत उभा राहून सात वेळा ऐकला. रविवारी अकराला येतेय. म्हणते, एक तास देईन, त्यात तू ओरडायचं नाहीस, मी बोलेन आणि तू ऐकशील, जमेल का रे फटाक्या? हे नाव तिनेच ठेवलंय. जमेल. दातांत रुमाल धरून बसेन, पण ऐकेन.

तिला या तिन्ही वाटांवर नेण्यात मजा नाही. जिथे तिथे लोक, पाण्याच्या बाटल्या, ग्रुप फोटो. उत्तरेला एक कडा आहे. तिथून खाडीपलीकडचं आमचं कॉलेज दिसतं, तिच्या होस्टेलची गच्चीसुद्धा. तिथे वाट नाही. पण माझ्याकडे ब्रश आहे.

गुरुवार, ६ तारीख

केली वाट! कोठारात नारिंगी रंगाचा जुना डबा सापडला. वाहनतळाजवळच्या पाटीपासून थेट कड्यापर्यंत एकतीस खुणा. परतीच्या लावल्या नाहीत. रंग पुरला नसता, आणि येताना ती माझ्याबरोबरच असेल की. मी स्वतः ओहोटीत खडकांवरून उतरून किनाऱ्याने परत आलो.

कचेरी सोडली तर फक्त कड्यावर फोनला रेंज मिळते. तिला लिहिलं: मी दिसलो नाही तर नारिंगी खुणांमागे ये. तिने अंगठा पाठवला. नुसता अंगठा! तरी अर्धा तास बघत बसलो.

शुक्रवार, ७ तारीख

काकांनी सकाळी पाहिलं. चेहरा एकदम उतरला त्यांचा. म्हणाले, आत्ताच्या आत्ता बाहेरूनच खरवडायला घेऊ, एकटा आत पाऊल टाकू नकोस. मी विचारलं, का? तर म्हणे, तुझ्या आधीच्यानेही असाच शहाणपणा केला होता. सगळ्यांदेखत ‘शहाणपणा’ म्हणाले. माझा पारा चढला. म्हटलं, गेलात उडत, तुम्ही आणि तुमची नोकरी! जुडगा रेंजरबाईंच्या टेबलावर आपटला, बॅग उचलली आणि निघालो. त्यांना वाटलं असेल, बस धरून घरी गेला.

घरी कसला जातो? रविवार व्हायचा आहे. बॅगेत पाव होता, पाणी होतं, कालचा नारिंगी डबा, ब्रश आणि खरवडणीही तशीच होती. कड्यावर दोन दिवस काढेन, असं ठरवून नारिंगी वाटेने निघालो.

आता दुपारचे तीन. एकतीस खुणा मोजल्या. कडा आला नाही.

बत्तिसावी दिसली. रंग ओला होता.

मी बत्तिसावी लावलेली नाही.

मागे वळलो. झाडांच्या पाठी कोऱ्या. ज्या वाटेने आलो ती वाटच नाही, नुसते बुंधे. समुद्र ऐकू येतोय, पण चारही बाजूंनी. काका असतीलच मागावर. असले तर बरं. नाही, कशाला असतील? मी तर घरी गेलोय ना.

शनिवार, ८ तारीख

फोन संपला. रेंज तशीही नव्हती. काल तिचा निरोप ऐकत बसलो, त्यात संपला. गाढव.

डब्यात तळाशी थोडा रंग होता. परतीच्या खुणा लावायला घेतल्या. झाडाची पाठ रंगवतो, दहा पावलं जातो, मागे बघतो, तर खूण पुढच्या बाजूला. जाणाऱ्याची. सहा झाडं. सहाही तशीच.

ओरडलो. खूप. तिच्या नावानेही ओरडलो. मग दमून गप्प बसलो तेव्हा आवाज परत आला. आतून, दाट झाडीतून. प्रतिध्वनी म्हटलं असतं, पण तो म्हणाला, गेलात उडत. आज मी हे म्हणालोच नव्हतो. काल म्हणालो होतो.

नंतर फांद्यांतून निळ्या वाटेवर दोघं जण दिसली. नवरा-बायको असावीत. मी हाका मारल्या, वाचवा म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पार दुसऱ्या बाजूला पाहिलं, आत. माझा आवाज त्यांना तिकडून गेला. नवरा वाट सोडून तिकडे निघालासुद्धा. बायकोने दंड धरून ओढला म्हणून —

आता तोंड उघडणार नाही. मी हाक मारली की ते कुणाला तरी आत नेतं.

आणि उद्या ती येणार. माझ्याच खुणांमागे.

एका बुंध्यापाशी बुटाची लेस सापडली. खाटेखालच्या बुटांना जशी आहे, तशीच. नको. त्याचा विचार नको.

रविवार, ९ तारीख

सकाळपासून चालतोय, खरवडतोय. खरवडली की पुढच्या झाडावर ओली खूण. खरवडणीचं पातं तुटलं. नखं —

पाटी दिसली! वाहनतळाची पाटी, पाठमोरी. आणि पहिलं झाड, तेही पाठमोरं. वीस पावलं असतील. चाललो. वीस. पळालो. वीसच. बसलो.

ती आलीय. निळा सदरा. हातात कागद. पुन्हा प्रवेश घ्यायचा फॉर्म असणार, ती बोलणार म्हणाली होती ते हेच असणार. झाडावरची खूण बघून हसली. काकांनी ती खरवडली असणार, पण पुन्हा उगवली.

ओरडायचं नाही. हात लिहिता ठेवला तर तोंड बंद राहतं. म्हणून लिहितोय.

तिने हाक मारली. फटाक्या. मी इथेच आहे गं. तोंडात बाही कोंबलीय.

म्हणतेय, लपाछपी खेळायला एवढ्या लांब आले नाही. म्हणतेय, अजून रागावलायस का? म्हणतेय, दहा आकडे मोजते, नाही आलास तर चालले, मग बस एकटाच.

जा. जा गं. चालती हो.

तीन. चार. किती सावकाश मोजतेय. काकांसारखं कुणी यावं, तिला हाताला धरून — कुणी नाही वाहनतळावर.

सात. मी गप्प आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी गप्प आहे.

आठ. वळली! पाठ केली तिने. जातेय —

आतून कुणीतरी तिचं नाव घेतलं.

माझ्याच आवाजात. पण शांत. गोड. ये ना, म्हणाला, तू बोल, मी ऐकतो. असं मी कधी बोललो नाही. तिला हेच हवं होतं.

ती थांबली. हसली. हा गोडवा कुठून शिकलास, म्हणाली.

नको. तो मी नाही. मी इकडे —

पहिली खूण ओलांडली तिने. माझ्या समोरून चाललीय, दोन हातांवरून, बघतही नाही. बाही काढली. ओरडलो. तोंड उघडलंय, नरडं फाटेस्तोवर ओरडतोय, पण आवाज

तिकडून येतोय. ये ना, म्हण