समोरची खिडकी

सरिता,

मी घराबाहेर पडलो का तू गोळ्यांचा डबा उघडून पाहाले येशीनच, म्हणून चिठ्ठी डब्यातच ठेवली.

माय बिमार हाये, मी मेडशीले चालली, असं म्हणली व्हती ना तू? काल मी तुया मायले फोन लावला. तुरीत निंदता निंदता उचलला तिनं, आवाज ठणठणीत. मंग समजलं, तू समोर सपनाच्या घरी बसून माह्यावर नजर ठेवून राह्यली. डाक्टरीनबाई म्हणल्या, याले दोन दिवस एकटं राहू द्या, आपलं आपन करू द्या. त्याचा तू असा अर्थ काढला काय?

आता डब्यातल्या सकाळच्या खान्यात गोळ्या नाई दिसल्या तर मी त्या फेकल्या असं समजू नको. आज रक्त तपासाचं हाये, त्याच्या आंधी घ्यायच्या नसतात. खिशात हायेत. उकळलेलं पानी संग घेतलं, मास्कही लावला. वाशीमची बस मले एकट्यालेही सापडते.

माह्या पोटात तुयाच लिव्हरचा तुकडा हाये. तो मी वाया जाऊ देईन, असं काहून वाटते तुले?

आलीच हायेस तर जेवून घे. भाकर मीच थापली, जराशी जळली.

अन् एक आयक. खिडकी दोन्हीकून दिसते. काल सपनाच्या नळावरून भरलेली घागर कमरेवर घेऊन कोन चाललं व्हतं? पोटावर टाके तुलेही हायेत. वजन उचलू नको म्हणून तुलेही सांगतलं व्हतं ना? मंग सांग, नजर कोनावर ठेवा लागते?

धम्मरत्न