जोड शाबूत होता

पेण, १४ मार्च २०२५

प्रिय दिनानाथ,

माझं अक्षर पाहिलंस तर पाकीट न फोडताच बाजूला ठेवशील, या भीतीने वरचा पत्ता बाबांकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. तुझा नवा नंबर माझ्याकडे नाही. पत्ता मिळवायला मी कोलाडला तुमच्या घरी गेले होते. तुझ्या आई पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. "आता आठवण झाली व्हय गो तुला?" एवढंच म्हणाल्या. मग कॅलेंडरच्या मागे खोचलेला कागद काढला आणि मी पत्ता उतरवून घेईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. चहा मात्र दिला. तुमच्या घरात चहा न देता कुणाला परत पाठवत नाहीत, हे मला ठाऊक होतं, तरी तो प्यायला जड गेला.

आधी माझं सांगते, कारण त्यात लाजण्यासारखं काही नाही. पेणला हायवेला लागून माझे दोन गाळे आहेत. एकात फक्त वापरलेले टर्बो, दुसऱ्यात इंटरकूलर, इंजेक्टर, सायलेन्सरचे मोठे पाइप, हौशी पोरांना गाडी पळवायला जे जे लागतं ते सगळं. मुंबई-पुण्याचे येतात, गोव्याला जाणारे वाट वाकडी करून थांबतात. बाई समोर दिसली की पहिली पाच मिनिटं "शेठ कुठे आहेत" विचारतात. सहाव्या मिनिटाला विचारत नाहीत. परवाच पुण्याचा एकजण चकचकीत टर्बो विकायला घेऊन आला. जपानहून आलाय म्हणे, हजार किलोमीटरसुद्धा चाललेला नाही. मी शाफ्टचं टोक दोन बोटांत धरून हलवलं, पंख्याच्या पात्यांवर बॅटरी मारली आणि म्हटलं, "दादा, हा जपानहून नाही, भंगारातून आलाय. आणि पॉलिश काल केलंय." तो रागावून निघून गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, खरं काय ते सांगून विकून गेला. मला हे येतं, दिनानाथ. चांगलं येतं.

आणि बाबा! "पदवीधर मुलगी गंजकी लोखंडं विकणार का?" म्हणणारे माधवराव मास्तर आता रोज दहा वाजता दुकानात येतात. प्रत्येक मालाला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली असते आणि तिच्यावर त्या मालाचा दोष बाबा वळणदार अक्षरात लिहितात. "एक आटा गेलेला." "शाफ्टला किंचित ढिलाई." मुलांच्या शुद्धलेखनाच्या चुका काढाव्यात तसे माझ्या मालाच्या चुका काढतात. गिऱ्हाईक चिठ्ठी वाचतं आणि बिनघोर घेऊन जातं. मैनाच्या दुकानात खोड आधी सांगतात, असं आता थेट कोल्हापूरपर्यंत बोलतात.

ही रीत मी का सुरू केली, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत असणार?

हल्ली मला आपला पहिला टर्बो फार आठवतो. कोलाडच्या भंगारवाल्याकडून अपघातातल्या गाडीचा उचललेला. तांदळाच्या पोत्यात घालून एसटीने रोह्याला नेला होता. कंडक्टरने विचारलं, यात काय आहे? तू गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "गाडीची फुप्फुसं हायत." तेव्हा तू कंपनीत फिटर होतास, पहिली शिफ्ट सुटली की थेट आपल्या रोह्याच्या गॅरेजात यायचास. मला कॉलेजातल्या कुठल्याच सरांनी शिकवलं नाही ते तू शिकवलंस. टर्बो म्हणजे दुसरं काही नाही, धुराच्या जोरावर फिरणारा आणि इंजिनात हवा कोंबणारा पंखा. तो डोळ्याला दिसणार नाही इतक्या वेगाने फिरतो आणि तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. तेल पोचलं नाही, तर संपला. हे वाक्य तू मला दहा वेळा ऐकवलं असशील.

मग रोह्याच्या पोपटदादाची गाडी आली. त्याला मोठा टर्बो हवा होता. तू आणलेल्याच्या लोखंडी कवचाला चीर होती, ती तू स्वतः वेल्डिंग करून जोडलीस. "पोपटदादाला सांगितलंय मी, तो चालेल म्हणाला," हे तू मला सांगितलं होतंस, मी ऐकलं होतं. त्या दिवशी तुला अचानक दुसऱ्या शिफ्टला बोलावलं आणि टर्बो मी एकटीने बसवला. दहाव्या दिवशी पोपटदादा आणि मालूवहिनी हमरापूरहून गणपती घेऊन परतत होते. सुकेळी खिंडीत टर्बो फुटला. पांढऱ्या धुराने पुढचं काही दिसेना, गाडी कठड्यावर घासत गेली. वहिनींनी मांडीवरची मूर्ती सोडली नाही. मूर्तीला काही झालं नाही, त्यांचं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं.

गाडी ओढून गॅरेजात आणली तेव्हा पाच-सहा जण जमले होते. जोडावर काजळीची काळी रेघ होती, जोड फुटल्याची चीर तीच, असं सगळ्यांनी धरलं. पोपटदादा म्हणाला, "मला कोणी जोडाबिडाचं सांगितलं नाय." तू आधी त्याच्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. म्हणालास, "जोड फुटलेला नाय, मैना. एकदा उघडून बघ." आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "उघडून काय बघायचंय? दिसतंय की."

तेवढ्यावर थांबले नाही. आपल्या पार्टवाल्यांच्या फेसबुक ग्रुपवर लिहिलं, दिनानाथकडून माल घेऊ नका, तो चिरा लपवतो. तू ते वाचलंस आणि ग्रुप सोडलास. चार महिन्यांनी कळलं, तू कोइंबतूरला गेलास. मी लोकांना सांगत राहिले की मी स्वतःच्या भागीदाराचीही गय केली नाही. ते ऐकून लोक मान हलवायचे. माझ्या दुकानाचा पाया तोच आहे.

गेल्या महिन्यात पोपटदादाने गाडी विकली. घराचा माळा रिकामा करताना सापडलेले जुने पार्ट पोत्यात भरून माझ्याकडे आला. "तूच वीक," म्हणाला, "तुझ्यासारखं खरं कोण बोलतंय?" पोत्याच्या तळाशी तो टर्बो होता. बाबा पुठ्ठा आणि पेन घेऊन शेजारी बसले होते. चिठ्ठी लिहायची तर माल उघडावा लागतो. मी उघडला. काजळी ब्रशने घासली. जोड शाबूत होता. तू केलास तसाच, एक केस जाईल एवढीही फट नाही. शाफ्ट मात्र जळून निळा पडला होता आणि तेल आत येतं त्या भोकात लाल गमाचा गोळा घट्ट बसला होता.

तेलाच्या तोंडाला गम लावायचा नाही, नुसती गॅस्केटची पातळ चकती घालायची, हे तू सांगितलेलं. त्या दिवशी जुनं गॅस्केट फाटलं होतं. नवं आणायला बाजारात कोण जाणार, म्हणून मी गम लावला. आणि आता तुला जे सांगते ते बाबांनाही सांगितलेलं नाही. तू "उघडून बघ" म्हणालास, त्याच क्षणी मला तो गम आठवला होता. खात्री नव्हती. खात्री होऊ नये म्हणूनच उघडलं नाही. सगळ्यात मोठ्याने मी ओरडले, ते त्यासाठी.

बाबांनी विचारलं, "काय लिहू?" मी सांगितलं, "लिहा. जोड शाबूत. तेलाची वाट बसवणाऱ्याने गम लावून बंद केली. बसवणारी मैना." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा सावकाश लिहिलं. मग खाली आपली सही केली. तशी ते कधी करत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठीसकट टर्बो घेऊन रोह्याला गेले. पोपटदादाला आणि वहिनींना समोर बसवून सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो चिडेल. तो वहिनींकडे वळला. म्हणाला, "मालू, त्यानं मला सांगितलं होतं. जोड हाय, पण पक्का हाय म्हणालेला. तुझ्या हाताला प्लास्टर बघितलं नि माझी जीभच वळली नाय. जाणूनबुजून बसवला म्हणालो असतो, तर तू मला उभं केलं असतंस?" वहिनी उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज आला. मग दारात येऊन म्हणाल्या, "हात माझा मोडला, नि गाव सोडलं त्या पोरानं. दोघांनी मिळून लिवा आता."

दोघांनी मिळून लिहिलं. त्याच ग्रुपवर, टर्बोच्या फोटोसह, दोघांच्या नावानिशी. आता तिथे पाच हजार लोक आहेत. काहींनी मला नको नको ते ऐकवलं, तीन जण घेतलेला माल परत ठेवून गेले. ठेवू देत. माझं दुकान बंद पडणार नाही, तेवढा माझा माझ्या हातावर विश्वास आहे. तो टर्बो चिठ्ठीसकट दर्शनी फळीवर ठेवलाय, विकायचा नाही. तुझी माफी मागते. ती दे असं म्हणत नाही. द्यायची की नाही, ते तू ठरव.

पण नुसत्या माफीसाठी मी तुझ्या आईसमोर जाऊन उभी राहिले नसते. झालं असं, की पोपटदादा म्हणाला, वैशाखात तुमच्या सरूचं लग्न आहे आणि तू येणार नाहीस. आईंना विचारलं. वाल सोलता सोलताच म्हणाल्या, "तो येतो तो शेवटच्या गाडीनं, जातो तो पहिल्या गाडीनं. रोह्याच्या बाजारात तोंड दाखवीत नाय. मांडवात अर्धं रोहा असणार. दादा नाय तर नाय, म्हणून सरू गप्प बसलीय." तेव्हा दिनानाथ, हे पत्र एवढ्यासाठी. लग्नाला ये. दुपारच्या गाडीने रोह्याला उतर, भर बाजारातून चालत एसटी स्टँडवर जा आणि तिथून कोलाडला घरी. ज्यांना ज्यांना मी खोटं सांगितलं होतं, त्या प्रत्येकाच्या दुकानात जाऊन मी खरं सांगून आले आहे, एकही दार सोडलेलं नाही. पोपटदादा स्टेशनवर येतो म्हणालाय. मी मांडवात नको असेन, तर आईंना तसं कळव. मी पेणलाच राहीन, राग मानणार नाही. पण बहिणीच्या लग्नात मोठ्या भावाची जागा रिकामी राहू देऊ नकोस. सरू वाट बघतेय.

तुझं ऋण मान्य असलेली,
तुझीच,
मैना