चुलीपुढचे अठ्ठ्याण्णव

तीर्थपुरी, वैशाख वद्य पंचमी

अंग एवढं हुशार असतं, हे मला कुणी सांगितलंच न्हाई!

हे हैदराबादेत डॉक्टरी शिकतात. सुट्टीत ताप मोजायची नळी आणली. भाकरी करताना माझ्या तोंडात दिली, तर पारा एकशेचारवर. ह्यांचा चेहराच उतरला. "जल्दी जाऊन पड."

"मला काही होत न्हाई. नळी ठेवल्ती कुठं?"

चुलीजवळच्या कोनाड्यात. म्हणजे ताप कोनाड्याला! माठात बुडवून, झटकून पुन्हा लावली. अठ्ठ्याण्णव. मंग उन्हातून आलेल्या मामंजींना ह्यांनी लावली, सावलीत निजलेल्या सासूबाईंनाही. बराबर तेवढाच पारा. आणि चुलीपुढं बसून मलाही तेवढाच? कसा?

"घाम वाळताना अंग थंड ठेवतो," हे म्हणाले.

आणि मी जन्मभर तो पदरानं पुसत आले. आत्ताही कपाळावर आहे. राहू दे.